प्रकाश बदलला की डोळा काय करतो: चार घरगुती चाचण्या आणि अंधारात पाहण्याची रीत

भर उन्हात धरलेल्या कागदावरची काळी शाई खोलीत दिव्याखाली ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा डोळ्यात जास्त प्रकाश पाठवते. हिशोब करून पाहा. दुपारच्या उन्हात साधारण १,००,००० लक्स (पडणाऱ्या प्रकाशाचे माप) प्रकाश पडतो. काळी शाई त्यातला ४-५ टक्के परत फेकते, म्हणजे ४,००० ते ५,०००. खोलीत दिव्याखाली ३०० लक्स असतील आणि कागद त्यातला ८० टक्के परत फेकत असेल, तर डोळ्याच्या वाट्याला येतात २४०. तरीही उन्हातली शाई काळीच दिसते आणि खोलीतला कागद पांढराच. डोळा प्रकाशाचे मोजमाप ठेवत बसत नाही. तो शेजारशेजारच्या जागांची तुलना करतो आणि एकूण उजेड बदलला की तुलनेची पातळी नव्याने बसवतो.

ही पातळी बसायला लागणारा वेळ दोन्ही दिशांना सारखा नसतो. अंधारातून उजेडात येताना काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटे पुरतात. उजेडातून अंधारात जाताना ३० ते ४० मिनिटे लागतात. रात्री नीट दिसत नाही अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळ निरोगी माणसांनी डोळ्याला हा वेळच दिलेला नसतो, किंवा दिलेला वेळ मोबाइलच्या एका झगझगीत पडद्याने पुसून टाकलेला असतो. तो वेळ कशात जातो हे कळले की अंधारात काय करायचे आणि काय टाळायचे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

आधी थोडे आतले

अंधारात बाहुली मोठी होते आणि म्हणून दिसू लागते, ही समजूत अर्धीच खरी आहे. बाहुलीचा व्यास उजेडात सुमारे २ मिलिमीटर असतो, तर तरुण माणसाच्या डोळ्यात अंधारात तो ७-८ मिलिमीटरपर्यंत जातो. व्यास चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. पण पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम ०.२ लक्स प्रकाश असतो आणि उन्हात १,००,०००, म्हणजे पाच लाखपट. नुसत्या ताऱ्यांचा उजेड धरला तर हे अंतर कोटींच्या घरात जाते. सोळापटीने त्यातले काय भागणार? शिवाय बाहुलीचे काम काही सेकंदांत उरकते. उरलेले सगळे काम डोळ्याच्या मागच्या बाजूचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, करते.

या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी आहेत. शंकू पेशी सुमारे ६० लाख. त्या उजेडात काम करतात, रंग ओळखतात, बारीक अक्षर वाचतात. दंड पेशी सुमारे १२ कोटी. त्या अंधुक प्रकाशात काम करतात आणि त्यांना रंग कळत नाही. नजर जिथे रोखतो तो पडद्याचा मध्यबिंदू शंकू पेशींनी गच्च भरलेला आहे, पण तिथे दंड पेशी एकही नाही. दंड पेशींची सर्वांत दाट वस्ती मध्यापासून साधारण १८ ते २० अंश दूर आहे. ही मांडणी नीट ध्यानात ठेवा, कारण अंधारात पाहण्याची अर्धी युक्ती हिच्यात आहे.

दंड पेशीत ऱ्होडॉप्सिन नावाचे जांभळट रंगद्रव्य असते. प्रथिनाच्या कुशीत बसलेला अ जीवनसत्त्वाचा एक वाकडा रेणू, अशी त्याची रचना. प्रकाशाचा एक कण आदळला की हा वाकडा रेणू सरळ होतो, आणि तेवढ्या बदलाने पेशीत साखळी क्रिया सुरू होऊन तिच्या विद्युत प्रवाहात मोजता येईल इतका फरक पडतो. एक दंड पेशी प्रकाशाच्या एकाच कणालाही प्रतिसाद देते. हेच्ट, श्लेअर आणि पिरेन या संशोधकांनी १९४२ मध्ये दाखवले की अंधाराला सरावलेल्या माणसाला 'दिसले' असे वाटायला दंड पेशींनी मिळून अवघे ५ ते १४ कण टिपले तरी पुरते.

गंमत अशी की या पेशी अंधारात विसावलेल्या नसतात. अंधारात त्यांच्यातून प्रवाह सतत वाहत असतो आणि त्या पुढच्या पेशींकडे रसायन सोडत राहतात. प्रकाश पडला की प्रवाह कमी होतो आणि रसायन थांबते. मेंदूपर्यंत पोहोचणारी उजेडाची बातमी मुळात या थांबण्यातून तयार होते.

सरळ झालेला रेणू पुन्हा वाकवण्याची सोय दंड पेशीत नाही. तो शेजारच्या थरात पाठवावा लागतो, तिथे वाकवला जातो, मग परत येऊन प्रथिनात बसतो. अंधारात जाणारा अर्धा-पाऊण तास तो हा. शंकू पेशींची फेरी कितीतरी लवकर पुरी होते, म्हणून त्या काही मिनिटांतच तयार असतात. अ जीवनसत्त्व कमी पडले की पहिला फटका रात्रीच्या दृष्टीला का बसतो, तेही यावरून कळेल. ही रासायनिक फेरी उलगडण्याच्या कामासाठी जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ चे नोबेल मिळाले.

चाचणीसाठी खोली आणि साहित्य

खोली पूर्ण काळोखी करता आली पाहिजे. दाराखालच्या फटीत कापड कोंबा, चार्जर आणि उपकरणांचे इवलेसे दिवे काळ्या चिकटपट्टीने झाका. उजेडात नगण्य वाटणारा हा दिवा विसाव्या मिनिटाला खोली उजळतो. पायात येईल असे सामान बाजूला करा आणि बसण्याची जागा आधीच ठरवा.

साहित्य: जाड काळ्या कापडाची चार पदरी डोळापट्टी, सेकंद दाखवणारे घड्याळ, छोटी पांढऱ्या प्रकाशाची विजेरी, पुठ्ठ्याचा खोका, खिडकीच्या काचेला लावतात ती ५० टक्के प्रकाश सोडणारी राखाडी फिल्म (तिचे १६ तुकडे), लाल आणि निळा कागद, एक मीटर दोरा, त्याला बांधायला छोटे वजन आणि काळ्या चष्म्याची एक काच.

डोळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदूच्या संदर्भात 'कोन अरुंद आहे' असे सांगितले असेल, तर अंधारात फार वेळ बसण्याच्या चाचण्या करू नका. बाहुली मोठी होताना अशा डोळ्यात दाब एकाएकी चढू शकतो. आणि 'आधी डोळे दिपवून घ्या' असे पुढे जिथे म्हटले आहे, तिथे उजेडातली पांढरी भिंत पाहायची आहे. सूर्य किंवा लेझर कधीही नाही.

पहिली चाचणी: एक डोळा उजेडात, एक अंधारात

सर्वांत सोपी आणि सर्वांत बोलकी चाचणी हीच. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधा आणि चांगल्या उजेडात ३० ते ४० मिनिटे रोजचे काम करा. मग अंधुक खोलीत जा. खोली किती अंधुक हवी? पांढरा कागद करडा दिसावा, पण त्यावरचे ठळक मथळ्याचे अक्षरही वाचता येऊ नये. आता पट्टी काढा आणि एकेक डोळा आळीपाळीने झाका.

उजव्या डोळ्याला खोलीतली मांडणी, कोपरे, खुर्चीचे पाय दिसतील. डाव्याला काळसर धुके दिसेल. दोन्ही बाहुल्या या वेळी जवळपास सारख्याच मोठ्या आहेत, कारण एका डोळ्यावर पडलेला प्रकाश दोन्ही बाहुल्यांना सारखाच हलवतो. मग फरक आला कुठून? पडद्यातून. उजव्या पडद्यात रंगद्रव्य भरलेले आहे, डाव्यात अजून भरते आहे.

फरक जाणवला नाही तर कारण बहुधा या तिघांपैकी एक असते. पट्टीच्या नाकाकडच्या बाजूने उजेड शिरला. तिथे कापसाची घडी लावा. किंवा खोली पुरेशी अंधुक नाही, त्यामुळे दोन्हीकडे शंकू पेशीच काम करताहेत. थोडे रंग ओळखू येत असतील तर हेच झाले आहे असे समजा. किंवा पट्टी इतकी घट्ट बांधली की बुबुळ दाबले गेले. दाबलेला डोळा उघडल्यावर काही मिनिटे अस्पष्ट पाहतो आणि रंगीत ठिपकेही दाखवतो. पट्टी डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकायला हवी, बुबुळावर नको.

दुसरी चाचणी: मिनिटागणिक किती सुधारते

हिला धीर लागतो, पण हाती येणारा आलेख सुंदर असतो. खोक्यात विजेरी ठेवा, समोरच्या बाजूला एक सेंटिमीटरचे भोक पाडा, भोकावर आतून एक पांढरा कागद चिकटवा. भोकासमोर फिल्मचे तुकडे एकावर एक अडकवता येतील अशी खाच करा. खोक्याच्या सांध्यांवर काळी पट्टी लावा, नाहीतर फिल्मला वळसा घालून प्रकाश बाहेर येतो आणि सगळी मोजणी फुकट जाते.

फिल्मऐवजी पांढऱ्या कागदांची चवड वापरायचा मोह टाळा. पांढरा कागद प्रकाश शोषत नाही, विखरतो, त्यामुळे पाचव्या-सहाव्या कागदाने प्रकाश आधीच्या प्रमाणात घटत नाही. राखाडी फिल्म प्रकाश शोषून घेते. दोन तुकड्यांनी पाव, दहा तुकड्यांनी हजारावा भाग, सोळा तुकड्यांनी सुमारे पासष्ट हजारावा.

आता पायऱ्या. उजेड पडलेल्या पांढऱ्या भिंतीकडे दोन-तीन मिनिटे पाहा. दिवा बंद करा, घड्याळ सुरू करा. खोक्यापासून एक मीटरवर बसा. दर मिनिटाला फिल्म वाढवत जा आणि ठिपका दिसेनासा होण्यापूर्वीचा तुकड्यांचा आकडा सोबत्याला सांगा. सोबत्याने तो नोंदवावा, आणि लिहिण्यासाठी उजेड हवाच असेल तर तो दुसऱ्या खोलीत जाऊन लिहावा.

ठिपक्याकडे थेट पाहू नका. हात पूर्ण लांब केल्यावर मूठ सुमारे १० अंश भरते. ठिपक्यापासून दोन मुठी वर नजर ठेवा आणि ती तिथेच राहू द्या.

पहिली पाच-सात मिनिटे आकडा भराभर वाढेल, मग रेंगाळेल. शंकू पेशींची मजल तिथे संपली. सातव्या ते दहाव्या मिनिटाच्या आसपास रेषा मोड घेते आणि आकडा पुन्हा वाढू लागतो: आता दंड पेशी पुढे आल्या. ही वाढ तिसाव्या मिनिटानंतर अगदी मंद होते. मोड कितव्या मिनिटाला येतो हे आधी डोळे किती दिपले होते यावर अवलंबून असते. भिंत मंद असेल तर मोड लवकर येतो किंवा दिसतच नाही, आणि त्यात डोळ्याचा दोष नाही.

हीच चाचणी ठिपक्याकडे थेट बघत करा. रेषा पहिल्या पठारावरच अडकून राहील, कारण मधोमध दंड पेशी नाहीतच. मग विजेरीवर गडद लाल कागद लावून, नजर बाजूला ठेवून करा. मोड पुसट होईल किंवा नाहीसा होईल, कारण गडद लाल प्रकाशाला दंड पेशी शंकू पेशींहून काही अधिक संवेदनशील नाहीत. एकाच खोक्याने तीन वेगळे आलेख मिळतात आणि तिन्ही मिळून पडद्याची रचनाच कागदावर उतरते. वेळ असेल तर तिन्ही जरूर करा, मात्र वेगवेगळ्या दिवशी.

तिसरी चाचणी: लाल काळे पडते, निळे उजळते

लाल आणि निळा कागद असे निवडा की दिवसा लाल थोडा अधिक उजळ वाटेल. सूर्यास्तानंतर खिडकीपाशी दोन्ही शेजारी ठेवा आणि दिवे न लावता दर पाच मिनिटांनी पाहा. उजेड उतरत जाईल तसा लाल कागद काळवंडत जाईल आणि निळा फिकट करडा होऊन त्याहून उजळ दिसू लागेल. यान पुर्किन्ये यांनी १८२५ मध्ये नोंदवलेला हा बदल आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

कारण पेशींच्या आवडीत आहे. उजेडात आपली नजर ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पिवळट हिरव्याला सर्वांत तीव्रतेने टिपते, अंधुक प्रकाशात ५०७ नॅनोमीटरच्या निळसर हिरव्याला. लाल टोक दंड पेशींना जवळजवळ दिसतच नाही.

दिवा मंद करून ही चाचणी करायला गेलात तर ती बहुधा फसेल. पिवळसर दिव्यात निळा प्रकाश मुळातच कमी, आणि तंतूचा दिवा मंद केला की तो आणखी तांबूस होतो. संध्याकाळचे आभाळ हाच इथे योग्य दिवा.

चौथी चाचणी: अंधुक बातमी उशिरा पोहोचते

एक मीटर दोऱ्याला वजन बांधून लंबक टांगा आणि डावी-उजवीकडे एका सरळ रेषेत झुलवा. एका फेरीला सुमारे दोन सेकंद लागतील. दोन मीटर अंतरावर, लंबकाच्या पातळीवर डोळे ठेवून बसा. दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि उजव्यासमोर काळ्या चष्म्याची काच धरा.

लंबक सरळ रेषा सोडून लंबगोल फिरू लागेल. डावीकडून उजवीकडे जाताना जवळून, परतताना दूरून. काच डाव्या डोळ्यासमोर धरा. फिरण्याची दिशा उलटेल. काचेमागच्या डोळ्याला प्रकाश कमी मिळतो, त्याचा संकेत काही मिलिसेकंद उशिरा येतो, आणि त्या डोळ्याला लंबक जरा मागच्या जागी दिसतो. दोन डोळ्यांच्या चित्रांतला हा फरक मेंदू खोली, म्हणजे जवळ-दूरचे अंतर, म्हणून वाचतो. कार्ल पुल्फरिख यांनी १९२२ मध्ये याचे स्पष्टीकरण मांडले. त्यांची स्वतःची एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती, त्यामुळे हा परिणाम त्यांना स्वतःला पाहता येत नव्हता.

परिणाम दिसत नसेल तर लंबकामागे साधी, एकरंगी भिंत आहे का पाहा, आणि काच आणखी गडद घ्या. तरीही दिसत नसेल आणि एका डोळ्याची नजर दुसऱ्यापेक्षा फार कमी असेल, तर दोन डोळ्यांनी मिळून खोली पाहण्याची क्षमताच कमी असू शकते.

उजेड कमी झाला की दोन्ही डोळ्यांचा संकेत असाच रेंगाळतो. संधिप्रकाशात येणारा चेंडू झेलताना हात चुकतो किंवा रस्ता ओलांडणाऱ्याचा वेग नीट कळत नाही, त्यात या रेंगाळण्याचा वाटा असतो.

अंधारात पाहायचे असेल तेव्हा

तारे पाहायचे असोत, जंगलवाटेने जायचे असो की रात्रपाळीत पहारा द्यायचा असो, तयारी दिवसा सुरू होते. दिवसभर कडक उन्हात उघड्या डोळ्यांनी वावरलात तर त्या रात्री डोळे सरावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतात. उन्हात सुमारे १५ टक्के प्रकाश सोडणारा काळा चष्मा वापरला की हे नुकसान टळते. प्रत्यक्ष वेळेआधी निदान अर्धा तास अंधारात राहा. तेवढा वेळ मिळणार नसेल तर एकच डोळा झाकून ठेवा. पहिल्या चाचणीत पाहिले त्याप्रमाणे तो एकटा तयार राहतो.

अंधुक वस्तूकडे थेट पाहू नका. हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे, कारण नजर आपोआप वस्तूवर जाऊन बसते आणि वस्तू नाहीशी होते. वस्तूच्या थोडे वर किंवा बाजूला नजर ठेवा आणि दर काही सेकंदांनी ती हलवा. एकाच जागी रोखलेल्या नजरेतून अंधुक चित्र विरून जाते. दुर्बिणीत एकाच डोळ्याने पाहत असाल तर बाजूही जपून निवडावी लागते. प्रत्येक डोळ्याला दिसणाऱ्या दृश्यात कानाच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर एक आंधळा ठिपका असतो, कारण पडद्यावर त्या दृश्याच्या जागेतून मज्जातंतू बाहेर पडतो आणि तिथे प्रकाश टिपणारी पेशी नसते. म्हणून उजव्या डोळ्याने पाहताना नजर वस्तूच्या उजवीकडे ठेवा, डाव्याने पाहताना डावीकडे. मग वस्तू नाकाच्या बाजूला येते आणि त्या ठिपक्यात सापडत नाही.

अंधारात बारीक तपशिलाची अपेक्षाच ठेवू नका. शेकडो दंड पेशी आपला संकेत एकाच तारेवर एकत्र करतात. त्यामुळे क्षीण प्रकाशही जाणवतो, पण तो नेमका कुठून आला हे धूसर होते. पूर्ण सरावलेल्या डोळ्याची रात्रीची नजर साधारण ६/६० इतकीच असते, म्हणजे निरोगी नजर उजेडात ६० मीटरवरून ओळखते ते ६ मीटरवरून ओळखावे लागते. आकार आणि हालचाल टिपा. चेहरा किंवा अक्षर ओळखायचा हट्ट धरलात तर डोळे ताणले जातात आणि मेंदू नसलेले आकार रचू लागतो. काळोखात एकाकी प्रकाशबिंदूकडे एकटक पाहिले की तो हलतो असे वाटते, तेही असेच. शेजारी दुसरी कुठलीच खूण नसल्यामुळे नजरेला आधार उरत नाही. झाडाची फांदी किंवा छताची कड त्याच दिशेत घेतली की बिंदू स्थिर होतो.

लाल दिव्याबद्दल गैरसमज बरेच आहेत. विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९१६ मध्ये क्ष-किरण तज्ज्ञांसाठी लाल चष्मा सुचवला; तो घालून उजेडात वावरताना दंड पेशी सराव टिकवून ठेवत. तत्त्व बरोबर आहे, पण प्रखर लाल दिवा सराव मोडतोच. आधी मंद करा, मग लाल करा, हा क्रम सोडू नका. एका पातळ लाल कागदातून पांढरा प्रकाश झिरपतो, म्हणून तीन-चार पदर घ्या. नकाशा वाचायचा असेल तर ध्यानात असू द्या की लाल उजेडात लाल शाईच्या रेषा कागदात विरून जातात. महत्त्वाच्या खुणा आधीच काळ्या शाईने करून ठेवा. मोबाइलवर नुसता रंग तांबूस करणारी सोय पुरेशी नाही. उजळपणा किमान पातळीवर आणा, काळ्या पार्श्वभूमीचा पर्याय निवडा, आणि पाहायचेच असेल तर एक डोळा मिटून पाहा.

विडी-सिगारेट ओढून रात्री पाहायला निघू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो आणि पडदा ऑक्सिजनचा फार मोठा गिऱ्हाईक आहे. उंच डोंगरावरही ऑक्सिजन कमी पडल्यानेच रात्रीची दृष्टी आधी मंदावते.

गाडी चालवताना

रात्रीचा रस्ता पूर्ण अंधाराचा नसतो. दिव्यांच्या उजेडात दंड आणि शंकू दोन्ही पेशी अर्धवट काम करतात, त्यामुळे चाळीस मिनिटांच्या सरावाचा इथे फारसा उपयोग नाही. खरा त्रास दिपण्याचा. समोरून येणाऱ्या दिव्याचा प्रकाश डोळ्याच्या भिंगात विखरतो आणि पडद्यावर पांढरट पडदा अंथरतो. त्या पडद्यामागे काळ्या कपड्यातला माणूस हरवतो. समोरच्या दिव्याकडे न पाहता आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेवर नजर ठेवा आणि वेग कमी करा. पुढची काच आतूनही पुसा. आतल्या बाजूचा तेलकट थर प्रकाश विखरण्यात बाहेरच्या धुळीला हार जात नाही. चष्म्यावरचे ओरखडेही तेच करतात.

पिवळ्या काचेचे 'रात्रीचे चष्मे' घेऊ नका. ते वापरणाऱ्याला बरे वाटते, पण आधीच अपुऱ्या प्रकाशातला आणखी काही भाग ते खातात. काही लोकांना फक्त रात्री दूरचे अस्पष्ट दिसते. अंधुक प्रकाशात भिंग थोडे जवळच्या अंतरावर जाऊन थांबते, शिवाय मोठ्या झालेल्या बाहुलीतून भिंगाच्या कडेचे दोष आत येतात. ही रात्रीची लघुदृष्टी बहुधा अर्धा ते एक नंबर इतकी असते आणि दिवसा काढलेल्या नंबरात ती दिसत नाही. चष्मा करवून घेताना ही तक्रार मुद्दाम सांगा.

वाढते वय आणि दिव्यांची मांडणी

वयाबरोबर अंधारातली बाहुली पुरती उघडेनाशी होते आणि भिंग पिवळे पडते. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. घरात वृद्ध असतील तर वाचनाच्या जागी ५०० लक्स किंवा त्याहून अधिक द्या, पण उघडा दिवा डोळ्यांच्या रेषेत येऊ देऊ नका. जादा उजेड कागदावर हवा. दिवा खांद्यामागून, लिहिणाऱ्या हाताच्या उलट्या बाजूने आला की सावलीही पडत नाही. झोपण्याची खोली ते न्हाणीघर या वाटेवर गुडघ्याखालच्या उंचीवर मंद तांबूस दिवे लावा. छताचा पांढरा दिवा लावला तर वाट दिसते खरी, पण तो बंद करताच परतीच्या वाटेवर डोळे पूर्ण आंधळे होतात, आणि वयस्क डोळ्यांचा सराव मुळातच सावकाश होतो.

डॉक्टरकडे कधी जावे

अर्धा तास अंधारात बसूनही इतरांना दिसते ते आपल्याला दिसत नसेल. सरावायला लागणारा वेळ काही महिन्यांत वाढत चालला असेल. पहिली चाचणी दोन्ही डोळ्यांवर आलटून पालटून केल्यावर एक डोळा सतत मागे पडत असेल. किंवा अंधारात कडेच्या वस्तूंना वारंवार धडक बसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. रातांधळेपणा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येतो तसाच पडद्याच्या आनुवंशिक विकारांनीही येतो, आणि उतारवयात लांबलेला सराव हे पडद्याचा मध्यभाग झिजत असल्याचे लवकर दिसणारे लक्षण असू शकते. दिव्यांभोवती मोठी वलये दिसणे आणि दिपणे वाढणे हे मोतीबिंदूचे नेहमीचे लक्षण. वलयांबरोबर डोळा लाल होऊन ठणकू लागला किंवा मळमळ आली तर त्याच दिवशी, त्याच तासाला जा. दाब चढलेला असू शकतो. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, ते शरीरात साठते आणि जास्त झाले तर अपाय करते. जाताना कोणता डोळा, कधीपासून आणि अंधारात साधारण कितव्या मिनिटाला काय दिसू लागते, एवढे लिहून न्या. दुसऱ्या चाचणीचा आलेख असेल तर तोही सोबत घ्या.